पिशवीतला बर्फ आणि मनगटावरचं घड्याळ

अमेरिकेतली पहिली टेस्ट ट्यूब बेबी एलिझाबेथ कार २८ डिसेंबर १९८१ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोकमध्ये जन्मली. तिचे आईवडील मात्र नॉरफोकचे नव्हते. ज्युडिथ आणि रॉजर कार राहायचे मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि त्या राज्यात तेव्हा आयव्हीएफला कायद्याची मुभा नव्हती. तीन वेळा गर्भनलिकेत गर्भ राहून ज्युडिथच्या नलिका गेल्या होत्या. मूल हवं असेल तर शेकडो किलोमीटर दूर जाण्याला पर्याय नव्हता.

नॉरफोकमध्ये हॉवर्ड आणि जॉर्जियाना जोन्स या डॉक्टर दांपत्याने आयव्हीएफचं केंद्र उघडलं होतं. १९८० मध्ये त्यांनी स्त्रीच्या नैसर्गिक पाळीचक्रात तयार होणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवून पाहिली. एकही प्रयत्न फळाला आला नाही. पुढच्या वर्षी जॉर्जियाना यांनी धोरण बदललं आणि बीजांची संख्या वाढवणारी संप्रेरकांची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. ज्युडिथ कार यांना ती लागू पडली. अमेरिकेतल्या आयव्हीएफच्या पहिल्याच यशात अशा रीतीने इंजेक्शनं आणि परगावचा मुक्काम या दोन्ही गोष्टी होत्या.

आज ही इंजेक्शनं पर्समध्ये मावणाऱ्या पेनमध्ये मिळतात. ‘सायकल’, म्हणजे उपचारांचं चक्र, चालू असलेल्या बायका नोकरीच्या दौऱ्यावर जातात, भाच्याच्या लग्नाला जातात, दुबईहून पुण्याला आणि बीडहून संभाजीनगरला येतात. निघताना प्रत्येकीच्या मनात पहिला प्रश्न असतो, औषध थंड कसं ठेवायचं? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. प्रवासाची खरी मर्यादा ठरते ती वेळेने आणि सोनोग्राफीच्या यंत्राने.

वेळ कोणाच्या हातात?

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईला, लेस्लीला, बीजवाढीची इंजेक्शनं दिलेली नव्हती. ब्राऊन दांपत्य ब्रिस्टलचं. रॉबर्ट एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी केंब्रिजहून यायचे, शस्त्रक्रिया करणारे पॅट्रिक स्टेप्टो तेवढे ओल्डहॅमचे. बीज कधी सुटणार हे स्त्रीचं शरीर ठरवणार होतं, म्हणून तिला रुग्णालयात ठेवून दर काही तासांनी लघवी तपासली जायची. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची लाट उठली की तिथून तास मोजायला सुरुवात. मग बीज काढण्याची वेळ मध्यरात्री आली तरी सगळ्यांनी हजर राहायचं.

इंजेक्शनांनी ही वेळ डॉक्टरांच्या हाती दिली. सध्याच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून एफएसएच या संप्रेरकाचं इंजेक्शन रोज सुरू होतं. एरवी एका महिन्यात एकच बीजपुटिका मोठी होते आणि बाकीच्या मागे पडून विरून जातात. बाहेरून मिळालेल्या एफएसएचमुळे त्यांतल्या बऱ्याच जणी एकत्र वाढतात. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास दुसरं इंजेक्शन जोडलं जातं, ते ‘अँटॅगोनिस्ट’. त्याचं काम एलएचची लाट अडवून धरण्याचं. पुटिका साधारण १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या की शेवटचं इंजेक्शन, ‘ट्रिगर’. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. क्लिनिकच्या भाषेत हा ‘पिकअप’. सगळं मिळून आठ ते चौदा दिवसांचं काम.

या तिन्ही इंजेक्शनांची वेळेबाबतची शिस्त वेगवेगळी आहे. एफएसएच रोज ठरावीक वेळी घ्यायचं असतं, पण रस्त्यातल्या कोंडीमुळे तास-दीड तास उशीर झाला तर सहसा बिघडत नाही. अँटॅगोनिस्ट अधिक काटेकोर आहे. गॅनिरेलिक्स या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, की दोन इंजेक्शनांमध्ये, तसंच शेवटचं इंजेक्शन आणि ट्रिगर यांच्यामध्ये ३० तासांहून जास्त अंतर पडू देऊ नये. पडलं तर बीजं वेळेआधी सुटू शकतात. ट्रिगरला तर मिनिटांचा हिशेब असतो. पिकअप बुधवारी सकाळी नऊला असेल आणि डॉक्टरांनी ३६ तास धरले असतील, तर ट्रिगर सोमवारी रात्री नऊला. बीजं लवकर काढली तर अपक्व निघतात, उशीर झाला तर पुटिका फुटून रिकाम्या सापडतात.

आश्रमातून पेनापर्यंत

ज्युडिथ कार यांना दिलेलं औषध आलं कुठून, याची कथा इटलीत सुरू होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस सेरोनो या औषधकंपनीतले रसायनशास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी रजोनिवृत्त स्त्रियांच्या लघवीतून बीजवाढीची संप्रेरकं वेगळी केली. पाळी थांबल्यावर अंडाशय दाद देईनासा होतो, त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच जास्तच सोडत राहते आणि ती लघवीवाटे बाहेर पडतात. औषध म्हणून ती हवी असतील तर अशा लघवीचे मोठाले साठे लागणार होते, आणि त्यात गर्भवती स्त्रीची लघवी मिसळून चालणार नव्हतं. इस्रायलचे डॉक्टर ब्रुनो लुनेनफेल्ड आणि सेरोनो यांनी त्यावर तोड काढली. इटलीतल्या वृद्ध नन राहत असलेल्या आश्रमांतून लघवी गोळा होऊ लागली. या औषधाच्या मदतीने राहिलेल्या गर्भातून पहिलं मूल १९६२ मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं.

भारतातही हे औषध लवकर पोचलं. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या ‘दुर्गा’च्या वेळी याच प्रकारचं संप्रेरक वापरून एकाहून अधिक बीजं मिळवली होती. जगाच्या आधी काही वर्षं त्यांनी ते केलं, पण त्यांच्या हयातीत त्यांच्या कामावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली, तेव्हा ही उपचारपद्धती महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने आली.

त्या काळचं इंजेक्शन म्हणजे काचेच्या कुपीतली पूड. ती पाण्यात विरघळवायची, लांब सुईने स्नायूत टोचायची. हे घरच्या घरी जमणारं काम नव्हतं, रोज नर्सकडे जावंच लागायचं. १९९५ नंतर जनुकीय तंत्राने तयार केलेलं एफएसएच बाजारात आलं. ते हॅमस्टर या प्राण्याच्या पेशींच्या संवर्धनात बनतं आणि इतकं शुद्ध असतं की त्वचेखाली बारीक सुईने टोचता येतं. इन्सुलिनच्या पेनांचं तंत्र त्याला जोडलं गेलं आणि नर्सकडची रोजची फेरी संपली. युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या कोरिफॉलिट्रॉपिन या औषधाने तर सात दिवसांच्या एफएसएच इंजेक्शनांचं काम एका डोसवर आणलं.

लघवीतून काढलेलं, पुडीच्या रूपातलं एचएमजी आजही वापरात आहे आणि प्रवासात त्याचे गुण उठून दिसतात. कोरडी पूड द्रवापेक्षा कणखर असते. मेनोप्युरसारखी पूड ३ ते २५ अंशांत, प्रकाशापासून जपून ठेवली की पुरे. मात्र पाण्यात मिसळली की ताबडतोब टोचायची, उद्यासाठी ठेवायची नाही.

किती थंड म्हणजे थंड?

एफएसएच हे प्रथिन आहे. दोन साखळ्या एकमेकींना बिलगून त्याचा रेणू बनतो, आणि अंडाशयातल्या पेशींना तो ओळखू येतो तो त्या घडणीमुळे. उष्णता वाढली की घडण हळूहळू विस्कटते. ‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. गोनाल-एफचं न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत मुदत संपेपर्यंत टिकतं, पण २५ अंशांपर्यंतच्या खोलीतही ते तीन महिने ठेवता येतं. एकदा वापरायला काढलं की २८ दिवस. ट्रिगरसाठीचं ओव्हिड्रेल फ्रीजबाहेर, २५ अंशांखाली, ३० दिवस चालतं. गॅनिरेलिक्सला तर ३० अंशांपर्यंतची खोली चालते. म्हणजे मुंबई-दिल्ली विमानप्रवासात पिशवीतला बर्फ वितळला, तर रडकुंडीला येण्याचं कारण नाही. प्रत्येक कंपनीची मर्यादा निराळी असते, म्हणून खोक्यातलं माहितीपत्रक फेकायचं नाही, एवढं मात्र पाळावं लागतं.

अडचण अशी, की हे २५ अंश लंडनच्या घरात सहज असतात आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात रात्रीसुद्धा नसतात. विदर्भात दुपारचा पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी तापमान वाढतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. धाब्यावर जेवायला उतरताना औषधाची पिशवी गाडीच्या डॅशबोर्डवर राहणं, हा बर्फ वितळण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

त्याहून वाईट गोष्ट घडते ती अतिकाळजीतून. औषध गोठलं की संपलं. बर्फाचे स्फटिक होताना प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि वितळल्यावर ते पूर्वपदावर येत नाहीत. फ्रीझरमधून काढलेल्या जेल पॅकला पेन थेट टेकवून ठेवलं, हॉटेलच्या छोट्या फ्रीजमध्ये मागच्या गारठ्याच्या पत्र्याला खेटून ठेवलं, तर हे सहज होतं. ड्राय आइसचं तापमान उणे ७८ अंश असतं, तो या कामाचा नव्हे. जेल पॅक आणि औषध यांच्यामध्ये टॉवेलची घडी असावी आणि पेन त्याच्या खोक्यातच ठेवावं, म्हणजे उजेडही लागत नाही. औषध गोठून गेलं किंवा तापलं, तरी ते बरेचदा दिसायला जसंच्या तसं स्वच्छ राहतं. म्हणून नुसतं पाहून निर्णय घेण्यापेक्षा क्लिनिकला विचारणं बरं.

बर्फाची सोय नसेल तिथे पाण्यात भिजवून वापरायची पिशवी उपयोगी पडते. इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये ती माहितीची आहे. आतले कण पाणी शोषून फुगतात, मग ते पाणी कापडातून उडत राहतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. आपला माठ अगदी हेच करतो, आणि माठासारखीच ही पिशवीही कोरड्या हवेत चांगली चालते. नागपूरच्या उन्हाळ्यात ती कामाची, रत्नागिरीच्या जुलैत तिचा फारसा भरवसा नाही. तिला मोकळी हवा लागते, बॅगेच्या तळाशी दाबून ठेवली तर तिचा उपयोग होत नाही.

विमानतळावर

विमानात औषध हातातल्या बॅगेतच न्यायचं. सामानात टाकलेली बॅग चुकून दुसऱ्या शहरी गेली तर तिच्यासोबत उपचारांचा एक महिना जातो, आणि मालकक्षातल्या तापमानाची हमी नसते. विमानात बर्फ मागण्यापेक्षा सकाळी निघताना पिशवी नीट भरलेली बरी. केबिन क्रूने औषध आपल्या फ्रीजमध्ये ठेवावं, असा आग्रहही धरू नये. उतरताना तिथेच विसरण्याचे प्रसंग घडतात.

१०० मिलिलिटरहून जास्त द्रव हातातल्या सामानात नको, हा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमधला विमानं उडवण्याचा कट उघडकीस आल्यावर जगभर पसरला. औषधांना त्यातून सूट आहे. अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा औषधासाठीचे जेल पॅक अर्धवट वितळलेले असले तरी चालवून घेते, आणि इंजेक्शनचं औषध सोबत असेल तर न वापरलेल्या सुयाही. तपासनीसाला आधीच सांगायचं, हा तिथला संकेत. भारतात डॉक्टरांची चिठ्ठी हाच पासपोर्ट. त्या चिठ्ठीवर पासपोर्टप्रमाणेच नाव, औषधांची रासायनिक नावं आणि ‘सुया सोबत असणं आवश्यक’ असा स्पष्ट उल्लेख असला की वाद मिटतो. औषधांवरचं दुकानाचं लेबल काढू नये. क्ष-किरण यंत्रातून गेल्याने ही औषधं खराब होत नाहीत.

एका औषधाबाबत मात्र परदेशी जाताना थोडी चौकशी लागते. ट्रिगरमध्ये वापरलं जाणारं एचसीजी पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढवतं, म्हणून शरीरसौष्ठवपटू ते चोरून घेतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ते पुरुष खेळाडूंना बंद केलं आहे, स्त्रियांना नाही. ब्रिटनमध्ये ते नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. स्वतःच्या उपचारासाठी चिठ्ठीसह नेणाऱ्या स्त्रीला तिथे अडचण येत नाही, पण चिठ्ठीविना कुपी बाळगणं कुठेच शहाणपणाचं नाही.

वापरलेल्या सुया हॉटेलच्या कचराकुंडीत टाकायच्या नाहीत. सफाई कामगाराच्या बोटात त्या जातात. झाकण घट्ट बसणारा जाड प्लास्टिकचा डबा सोबत न्यायचा आणि परतल्यावर तो क्लिनिकला द्यायचा.

रात्रीचे आठ, पण कुठले?

मुंबईत रोज रात्री आठला अँटॅगोनिस्ट घेणारी एखादी स्त्री सोमवारी आठचं इंजेक्शन घेऊन न्यूयॉर्कच्या विमानात बसली, असं धरू. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. मंगळवारी सकाळी ती उतरली आणि तिथल्या रात्री आठला पुढचं इंजेक्शन घेतलं. तिच्या लेखी ‘रोज रात्री आठ’ हा नियम पाळला गेला. प्रत्यक्षात भारतात तेव्हा बुधवारच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. अंतर पडलं साडेतेहतीस तासांचं, तीस तासांची मर्यादा ओलांडून. न्यूयॉर्कमध्ये तिने सकाळी साडेदहाला इंजेक्शन घ्यायला हवं होतं.

परत येताना उलट होतं. न्यूयॉर्कच्या रात्री आठनंतर मुंबईच्या रात्री आठला इंजेक्शन घेतलं तर मधलं अंतर साडेचौदा तासच भरतं. म्हणून अनुभवी नर्स एकच युक्ती सांगतात: दुसरं घड्याळ क्लिनिकच्या वेळेवर लावा आणि इंजेक्शनापुरतं तेच बघा. दुबई दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे, इतक्या फरकात स्थानिक वेळ थोडी गैरसोयीची होते, पण हिशेब चुकत नाही. ट्रिगर परगावी घ्यायची वेळ आली तर तो हिशेब कागदावर दोनदा मांडून क्लिनिककडून तपासून घेतात.

जे पिशवीत मावत नाही

औषध फिरतं, सुई फिरते, घड्याळ फिरतं. सोनोग्राफीचं यंत्र फिरत नाही. बीजपुटिका किती आणि केवढ्या झाल्या हे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीतच कळतं, आणि त्यावरून डोस वाढवायचा की कमी करायचा हे ठरतं. सुरुवातीचे चार-पाच दिवस बहुधा मोकळे असतात. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी तपासणी, शेवटी शेवटी रोज. जवळचं लग्न किंवा ऑफिसची मीटिंग बसवायची तर या पहिल्या चार-पाच दिवसांत. सातव्या दिवसानंतरचा प्रवास म्हणजे डॉक्टरांना डोळे मिटून गाडी चालवायला सांगणं.

भारतात यंत्र न फिरण्यामागे कायदाही आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी २०१२ मध्ये नियम बदलले आणि पोर्टेबल सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर वापरण्यावर कडक बंधनं आली. फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता अपवाद राहिला. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याने क्लिनिकांचे दोन स्तर केले. पहिल्या स्तरावर गर्भाशयात शुक्राणू सोडण्याचा साधा उपचार होतो. बीज काढणं आणि प्रयोगशाळेत गर्भ वाढवणं दुसऱ्या स्तरावरच चालतं, आणि असे दवाखाने मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत.

त्यामुळे महाराष्ट्रात या उपचारांतला सर्वांत नेहमीचा प्रवास विमानाचा नसतो. तो एसटीचा असतो. तालुक्याच्या गावाहून पहाटेची गाडी पकडायची, शहरात सकाळी फॉलिकल स्टडी, म्हणजे पुटिकांची सोनोग्राफी, दुपारी रक्ताचा रिपोर्ट, संध्याकाळी परत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याने खर्च हलका झाला, फेऱ्या तेवढ्याच राहिल्या. काही डॉक्टर यावर मधला मार्ग काढतात. गावाजवळचे सोनोग्राफीतज्ज्ञ पुटिकांची मापं घेऊन फोटो पाठवतात, शहरातले डॉक्टर डोस फोनवर सांगतात आणि स्त्री शेवटच्या तीन-चार दिवसांसाठीच शहरात मुक्कामाला येते. हे जमायला दोन्हीकडच्या डॉक्टरांचा एकमेकांवर विश्वास लागतो. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली, तेव्हा उपचाराच्या खर्चासोबत राज्याबाहेरच्या फेऱ्याही वाचल्या.

शरीर काय म्हणतं

इंजेक्शनांच्या शेवटच्या दिवसांत अंडाशय नेहमीच्या कितीतरी पट मोठे झालेले असतात. पोट जड वाटतं, बसमधला खड्डा जाणवतो. मोठा झालेला अंडाशय स्वतःभोवती पीळ घेऊन त्याचा रक्तपुरवठा थांबण्याची शक्यता असते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर तातडीची शस्त्रक्रिया लागते. म्हणून या दिवसांत ट्रेकिंग, घोडेस्वारी, उड्या मारण्याचे खेळ वर्ज्य. पोटात अचानक एका बाजूला तीव्र कळ उठली तर दौरा तिथेच थांबवून रुग्णालय गाठायचं.

दुसरा धोका अंडाशयांच्या अतिउत्तेजनाचा. रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात झिरपतं, रक्त दाट होतं, लघवी कमी होते, एका दिवसात वजन किलोभर वाढू शकतं. त्याचा जोर बहुधा ट्रिगरनंतरच्या आठवड्यात दिसतो, म्हणजे नेमका लोक ‘पिकअप झाला, आता घरी जाऊ’ म्हणतात तेव्हा. तीव्र प्रकार आता शंभरात सुमारे एकीला होतो. धोका जास्त वाटला तर एचसीजीऐवजी दुसऱ्या प्रकारचा ट्रिगर देण्याची सोय असल्याने तो आणखी टाळता येतो.

दाट रक्त आणि लांबचा प्रवास ही जोडी बरी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने रक्तवाहिनीत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, मूळ प्रमाण मात्र लहान आहे: सहा हजारांत एक. स्वीडनमधल्या २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात आयव्हीएफने राहिलेल्या गरोदरपणात हजारी ४.२ स्त्रियांना गुठळी झाली, इतर गरोदरपणांत हजारी २.५. म्हणून पिकअपनंतर लगेच लांबचं विमान पकडू नये, पकडावंच लागलं तर डॉक्टरांना विचारून मोजे, भरपूर पाणी आणि दर तासाने चार पावलं. ही गुठळी विमानातच होते असं नाही, सोलापूर-मुंबईच्या रात्रीच्या बसमध्येही पाय तेवढेच अवघडलेले असतात.

गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरच्या प्रवासाबद्दल घरोघरी भीती जास्त आणि पुरावा कमी आहे. ‘पंधरा दिवस पलंगावरून उतरू नकोस’ हा सासू-आईचा सल्ला प्रेमाचा असतो. पण अमेरिकेतल्या प्रजननवैद्यक संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं, की ट्रान्सफरनंतर अंथरुणावर पडून राहण्याची शिफारस करू नये. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, रिक्षाच्या हादऱ्याने गर्भ घरंगळत नाही.

कुठे जायचं नाही, हा प्रश्न जास्त खरा आहे. झिका विषाणूचा प्रादुर्भाव असलेल्या भागातून आल्यावर स्त्रीने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने गर्भधारणेचा प्रयत्न पुढे ढकलावा, असा सल्ला दिला जातो, कारण विषाणू वीर्यात टिकून राहतो. त्यासाठी ब्राझीललाच जावं लागतं असं नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात गरोदर स्त्रियांनाही लागण झाली. आफ्रिकेतल्या काही देशांसाठी लागणारी पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असते, ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळतात. दौरा आणि सायकल एकाच महिन्यात बसवताना ही तारीख हमखास विसरली जाते.

सीमा ओलांडताना

कार दांपत्याला कायद्याने घराबाहेर काढलं, तसं पुढे युरोपात हजारोंच्या बाबतीत झालं. इटलीने २००४ च्या कायद्याने दात्याच्या बीजांवर बंदी घातली आणि ती २०१४ पर्यंत टिकली. जर्मनीत दात्या स्त्रीचं बीज वापरणं १९९० च्या कायद्यापासून बंद आहे. सहा युरोपीय देशांतल्या क्लिनिकांत झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की युरोपात दरवर्षी किमान २४ ते ३० हजार उपचारचक्रं परदेशी जाऊन होत होती, आणि पाहणीत सर्वांत मोठा गट इटालियनांचा होता.

भारतात अशी ये-जा जास्त करून खर्चामुळे होते. अमेरिकेत औषधं धरली नाहीत तरी एका चक्राला दहा हजार डॉलरच्या वर सहज लागतात. न्यू जर्सीतलं किंवा आखातातलं मराठी जोडपं सुट्टी काढून पुण्या-मुंबईला येतं ते त्यामुळे, आणि इथे तीन आठवड्यांत सारं उरकायचं असतं. गर्भ गोठवण्याच्या तंत्राने त्यांची मोठी सोय केली. पिकअप एका सुट्टीत, ट्रान्सफर पुढच्या सुट्टीत. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गर्भाची वेळ थांबलेली असते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मर्चंट नेव्हीवाल्यांना तर याचा फार उपयोग. नवरा सहा-आठ महिने जहाजावर असला तरी निघण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवलं की बायकोच्या पिकअपला त्याला बंदर सोडून धावत यावं लागत नाही. गोठवलेला गर्भ किंवा बीज देशाबाहेर न्यायचं झालं तर २०२१ च्या कायद्यानुसार ते फक्त स्वतःच्या वापरासाठी आणि राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीनेच नेता येतं.

गोठवण्याने दोन टप्पे वेगळे झाले, पण इंजेक्शनांचे ते दहा-बारा दिवस आखडले नाहीत. नोकरी करणाऱ्या स्त्रीला अडचण त्यांचीच असते. जपानने ती ओळखून १ जानेवारी २०२२ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना वंध्यत्वाच्या उपचारांसाठी वर्षाला पाच दिवसांची पगारी रजा दिली, आणि आयव्हीएफसारख्या वारंवार फेऱ्यांच्या उपचारासाठी ती दहा दिवसांपर्यंत नेली. पुरुष कर्मचाऱ्यांनाही ती मिळते. ही रजा अख्ख्या दिवसांबरोबरच तासांच्या हिशेबानेही घेता येते. सकाळी सोनोग्राफी करून साडेदहाला ऑफिसात पोचणाऱ्या बाईचे दोनच तास त्यातून वजा होतात.